तेलातली चेन

गुरुवारी सकाळी देवानंदने स्टीलच्या डब्यातून चेन वर काढली, एक कडी चिमटीत धरून हळूच वाकवली आणि त्याचा हात जागीच थांबला. कडी वाकली, पण वाकताना बोटांना काहीतरी लागलं. तांदूळ न निवडता भात शिजवला की दाताखाली खडा येतो, तसं. त्याने पुढची कडी वाकवली. तिथंही तेच. आवाज जवळजवळ नव्हताच. पण वीस वर्षं इंजिनांत हात घालणाऱ्या माणसाला बोटांनीच ऐकू येतं.

जळगाव जामोदला नांदुरा रस्त्यावर देवानंदचं गॅरेज होतं. रोजच्या गाड्यांची कामं होतीच, पण त्याचं नाव झालं होतं ते शर्यतीच्या इंजिनांमुळे. मातीच्या मैदानावर मोटारसायकली पळवणारी पोरं थेट अकोल्याहून त्याच्याकडे येत. या वेळी मात्र गाडी गावातलीच होती. गार्गीची. संग्रामपूरला बँकेत नोकरी करणारी, चोवीस-पंचवीस वर्षांची ही मुलगी तीन वर्षांपासून शर्यतीत उतरत होती आणि रविवारी खामगावच्या मैदानावर तिची शर्यत होती.

मागच्या चाकाची चेन सगळ्यांना दिसते. टायमिंग चेन इंजिनाच्या पोटात असते. खालचा क्रँक फिरला की ही चेन वरचा कॅम फिरवते आणि कोणता व्हॉल्व्ह केव्हा उघडायचा ते कॅम ठरवतो. चेनने एखाद-दुसरा दात सोडला, की व्हॉल्व्ह उघडा असतानाच पिस्टन वर येतो आणि दोघांची टक्कर होते. गार्गीच्या इंजिनात देवानंदने उंच कॅम आणि कडक स्प्रिंगा घातल्या होत्या. ते रोजच्या गाडीच्या दीडपट वेगाने फिरणार होतं. म्हणून चेनची तयारी तो नव्या सुनेच्या ओटीसारखी करायचा. पाकिटातलं चिकट ग्रीस स्वच्छ रॉकेलने धुवायचं. फडक्याने पुसायचं नाही, धागे अडकतात. खिळ्याला टांगून वाळवायचं. एकेक कडी वाकवून बघायची, कुठली अडते का. आडवी धरून बघायची, बाजूला किती झुकते. आणि मग नव्या तेलात दीड-दोन दिवस बुडवून ठेवायची, म्हणजे तेल कडीच्या पार आतल्या पिनेपर्यंत जातं. कोरडी चेन बसवली तर ती पहिल्या मिनिटातच म्हातारी होते, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

हे सगळं त्याने मंगळवारी स्वतःच्या हाताने केलं होतं. तेव्हा चेन रेशमासारखी फिरत होती.

त्याने डब्यातलं तेल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर पाऊण चमचा रेती राहिली. नदीची, बारीक, चमकणारी. वाऱ्याने उडून आली म्हणावं तर डब्यावर घट्ट झाकण होतं. छताची धूळ म्हणावी तर धूळ अशी चमकत नाही. त्याने फडकं दुमडून खिशात घातलं आणि गॅरेजभर नजर फिरवली. कुणीतरी झाकण उघडलं होतं, रेती टाकली होती आणि झाकण परत नीट लावलं होतं.

बुधवारी गॅरेजात कोण कोण आलं होतं, ते तो आठवू लागला. गिऱ्हाइकं बाहेरच्या बाहेर गाड्या देऊन गेली. आत, डबा ठेवलेल्या फळीपर्यंत, चौघंच आली होती. बसस्टँडजवळचा मिस्त्री अर्जुनराव बेअरिंग ओढून काढायचा पुलर मागायला आला होता. गार्गी बँकेतून परतताना डोकावली होती. तिचे वडील सुधाकर सर नेहमीप्रमाणे चार वाजता येऊन बाकावर पेपर वाचत बसले होते. आणि बायको समता जेवणाचा डबा घेऊन आली होती.

पहिला संशय अर्जुनरावावर गेला, आणि तो जाणं साहजिकच होतं. अर्जुनरावाचा पुतण्या त्याच शर्यतीत होता. पुलर घेताना अर्जुनराव फळीजवळ रेंगाळला होता आणि तेल कोणतं वापरतो म्हणून त्याने विचारलंही होतं. तेव्हा देवानंदला त्यात काही वाटलं नव्हतं. आता तेच वाक्य त्याच्या कानात वेगळं वाजू लागलं.

पण संशय एका माणसावर थांबत नाही. गार्गी महिनाभरापूर्वी सरावात पडली होती. मनगट सुजलं, हेल्मेटला चीर गेली. त्यानंतर वळणावर तिचा हात सैल पडतो, हे देवानंदने स्वतः पाहिलं होतं. मागच्याच आठवड्यात तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, आयत्या वेळी नाव मागे घेता येतं का. मनात भीती बसलेल्या माणसाला ती बोलून दाखवता येत नसेल, तर गाडीच बिघडलेली बरी असं त्याला वाटू शकतं. हा विचार देवानंदला आवडला नाही. पण आला तो आला. म्हणून त्याने गार्गीला काही सांगितलं नाही.

दुपारी घरी जेवताना त्याने समताला विचारलं, डब्याला हात लावला होता का. विचारण्यातला सूर तिने बरोबर ओळखला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, उद्या मिठात रेती निघाली तरी मलाच विचाराल. मग त्याने खिशातलं फडकं काढून दाखवलं, तेव्हा ती हात धुऊन समोर येऊन बसली. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी बाई ती. तिने सरळ प्रश्न केला.

"चेन तेलात भिजत ठेवतात हे कोणाले माहीत राह्यते? मले माहीत नव्हतं. ज्याले माहीत हाय त्यानंच टाकली. तुम्ही हे कोणाकोणाले सांगतलं?"

त्याने सगळ्यांनाच सांगितलं होतं. पण मिस्त्र्याला हे सांगावं लागत नाही, एवढं मात्र त्याच्या मनाने लगेच धरलं, आणि संशयाचा काटा पुन्हा अर्जुनरावाकडे वळला.

तो तसाच बसस्टँडला गेला. जाऊन शांतपणे बोलायचं ठरवलं होतं, पण अर्जुनरावाच्या गॅरेजसमोर बांधकामाच्या रेतीचा ढीग पाहिला आणि त्याचा तोल गेला. चार माणसांसमोर त्याने विचारलं, पुलरचं काम झालं का, की रेतीचंच काम होतं. अर्जुनरावाला आधी काही कळेना. मग देवानंदने फडकं उघडून दाखवलं, तसा त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"देवा, मी तुह्यापेक्षा हलका मिस्त्री असन," तो म्हणाला, "पण मिस्त्री हावो. इंजिनात रेती टाकनारा हात माहा नाई. पुलर घेऊन जाय."

देवानंद पुलर घेऊन परतला. रस्ताभर त्याला वाटत होतं की चोर एवढ्या सफाईने बोलत नाही. आणि लगेच वाटत होतं, की चोरच बोलतो.

एक गोष्ट बरी होती. शर्यतीच्या कामाला तो चेन नेहमी दोन मागवायचा आणि त्यातली चांगली निवडायचा. दुसरी चेन त्याने घरी नेली, समताच्या स्वयंपाकघरात बसून धुतली, वाळवली, एकेक कडी तपासली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत तेलात बुडवून धान्याच्या कोठीमागे ठेवली. गॅरेजात जुना डबा, जुनी जागा आणि तीच नासलेली चेन. शुक्रवारी सकाळपासून जो आला त्याला तो सांगत राहिला, चेनमध्ये थोडी घाण गेली होती, धुऊन परत तेलात ठेवली, उद्या बसवतो. अर्जुनरावाच्या कानावर जाईल अशा माणसालाही त्याने मुद्दाम सांगितलं. गार्गीला फोन करून सांगितलं. ती फक्त हो म्हणाली. आणखी काही विचारलं नाही. एवढ्यावरूनही त्याच्या मनात किडा वळवळला.

साडेतीनला लेथवाल्याकडे जातो म्हणून त्याने गॅरेजचं दार अर्धंच लोटलं आणि रस्त्यापलीकडे शालूबाईच्या चहाच्या दुकानात जाऊन आतल्या बाजूला बसला. तिथून गोणपाटाच्या पडद्याच्या फटीतून गॅरेजचं दार आणि आतली फळी दिसत होती. शालूबाईने एकदा विचारलं, बाहेर बाक रिकामा असताना आत धुरात का बसलास. तो फटीतून बघत राहिला. समोरून जाणारा प्रत्येक माणूस त्याला गॅरेजकडे बघतोय असं वाटत होतं. अर्जुनरावाचा पुतण्या गाडीवरून गेला, गॅरेजसमोर त्याने वेग कमी केला, आणि देवानंद अर्धा उठला. पुढे खड्डा होता. पोरगा खड्डा चुकवून निघून गेला.

चार वाजता सुधाकर सर आले. पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. देवानंदला वैताग आला. सर आता पाच वाजेपर्यंत पेपर वाचत बसणार आणि ज्याची वाट बघतोय तो दारावरूनच परत जाणार. सरांना हाक मारून इकडे चहाला बोलवावं, म्हणून तो उठतच होता.

सर बाकावर बसले नाहीत. ते उभे राहिले, रस्त्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ फळीकडे गेले. पिशवीतून त्यांनी कागदाची पुडी काढली. डब्याचं झाकण काढून ते बाजूला उलटं ठेवलं, वर्गात खडू ठेवावा इतक्या नीटसपणे.

देवानंदने रस्ता कसा ओलांडला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तो दारात पोचला तेव्हा पुडी अर्धी रिकामी झाली होती. सरांनी वळून पाहिलं. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. पुडी लपवण्याचा प्रयत्न मात्र त्यांनी केला नाही.

याच सरांनी सातवीत देवानंदला गणित शिकवलं होतं. पहिल्या बाकावर बसवलं होतं, आणि त्याने तिथं बसू नये असं ज्यांना वाटत होतं त्यांना वर्गातच गप्प केलं होतं. बसा, एवढंच तो म्हणाला.

सर बाकावर बसले. आपणहून बोलायला लागले. "गाडी सुरू होऊ नये, एवढंच मला हवं होतं. रविवार निघून जावा. चेन धुतली असं गार्गीकडून कळलं, म्हणून परत आलो. तूच म्हणाला होतास, एक कण गेला तरी चेन बाद होते."

"बाद होते म्हनलो होतो, सर. गाडी सुरू होत नाई असं नव्हतो म्हनलो."

देवानंदने खणातून एक जुना व्हॉल्व्ह आणि पिस्टन काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. व्हॉल्व्हची दांडी वाकलेली होती, पिस्टनच्या डोक्यावर नखासारखी अर्धगोल खोक पडली होती. तो अजिबात आवाज न चढवता सांगू लागला. एकेकाळी सर जसे गणिताच्या पायऱ्या सांगत, तसा.

"गाडी सुरू झाली असती. पयले दोन-तीन फेरे मस्त पळाली असती. रेती कड्या खात राह्यते, चेन ढिली होते. मंग गार्गी जवा सगळ्यात जोरात असन, तवाच चेन दात सोडते. इंजिन जागच्या जागी आवळते अन् मांगचं चाक फिरनंच बंद. क्लच दाबाले एक क्षन लागते, सर. तेवढा तिले भेटला असता का नाई, मले माहीत नाई."

सरांनी पिस्टन हातात घेतला. त्या खोकेवरून ते अंगठा फिरवत राहिले. गार्गी पडली त्या दिवशी तिचं हेल्मेट त्यांनी स्वतः काढलं होतं. चीर बघितल्यापासून झोप लागत नाही, समजावलं तर ती ऐकत नाही, आईवेगळ्या मुलीवर ओरडवत नाही, असं ते तुटक तुटक सांगत होते. देवानंदला त्यांची दया आली. पण दयेच्या खाली दुसरंच काहीतरी उकळत होतं, आणि ते बोलल्याशिवाय त्याला राहवेना.

"अन् तिले काही झालं असतं, तर लोकं म्हनले असते देवानंदनं चेन बरोबर बसवली नाई. माह्या हातावर बोलाले काही लोकायले निमित्तच लागते, तुमाले माहीत हाय. तवा तुम्ही पुढं येऊन सांगतलं असतं का सर, का रेती म्या टाकली?"

बाहेरून एक एसटी गेली, तिची धूळ आत आली, बसली.

"नसतं सांगितलं," ते म्हणाले. "मला वाटतं, नसतं सांगितलं."

खोटं बोलले असते तर देवानंदला सोपं गेलं असतं. त्याने डबा उचलला, रेतीसकट तेल टाकाऊ तेलाच्या पिंपात ओतलं आणि पाठमोराच म्हणाला, की गार्गीला हे तुम्हीच सांगा. उद्या सकाळपर्यंत. तिला माहीत नसेल तोवर मी चेन बसवणार नाही. सर मान हलवून गेले. पिशवी बाकावरच राहिली.

ते सांगतील याची देवानंदला खात्री नव्हती. ज्या माणसाने दोनदा झाकण उघडलं, तो घरी जाऊन तिसरंच काही सांगू शकतो. देवानंदनेच संशय घेतला, माझ्यावर आळ घेतला, असंही सांगू शकतो. शनिवारी सकाळी बरणी घेऊन तो गॅरेजात आला, तेव्हा हीच भीती त्याच्या मनात होती.

गार्गी दहा वाजता आली. डोळे लाल होते, चेहऱ्यावर मात्र काही वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, चेन कुठे आहे. त्याने बरणी पुढे केली. तिने हात धुतले, चेन बाहेर काढली, तेल निथळू दिलं आणि स्टुलावर बसून एकेक कडी वाकवायला सुरुवात केली. त्यानेच तिला शिकवलं होतं तसं. पूर्ण चेन तिने तशीच तपासली.

"बाबांनी सांगितलं, सकाळी," मग ती म्हणाली. "सगळं. पण दादा, रेती तुम्हाले आधीच सापडली होती, फोनवर नुसती घाण म्हनलं. मले काऊन नाई सांगितलं?"

देवानंदला काहीतरी सारवासारव करता आली असती. आदल्या दिवशी सरांनी ज्या स्वरात उत्तर दिलं होतं तो आठवून त्याने केली नाही.

"मले तुहाही संशय आला होता."

गार्गीने चेन मांडीवरच्या ताटात ठेवली. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली नाही. म्हणाली, भीती वाटते, खोटं नाही, वळण आलं की हात सैल पडतो. पण भीती वाटली तर मी नाव मागे घेईन, इंजिन मारणार नाही. त्याने मान खाली घातली. उतरणार आहेस का, असं त्याने विचारलं. तिने उत्तराऐवजी एप्रन मागितला.

चेन दोघांनी मिळून बसवली. क्रँकवरची खूण तिने वाचली, कॅमवरची त्याने. मग जागा बदलून तिने त्याची वाचली आणि त्याने तिची. ताण देणारा दट्ट्या बसवल्यावर सेल्फला हात न लावता त्याने पान्याने क्रँक हळूहळू दोनदा पूर्ण फिरवला. कुठं अडलं नाही. खुणा परत समोरासमोर आल्या. तिने तिसऱ्यांदा फिरवायला सांगितलं. त्याने फिरवला. एरवी आपल्या कामावर कुणी असा भरवसा न ठेवता उभं राहिलं असतं, तर त्याला राग आला असता.

रविवारी खामगावला ऊन कडक होतं. सर येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. ते एसटीने आले आणि मैदानाच्या कडेला बांधलेल्या दोराजवळ देवानंदच्या शेजारी येऊन उभे राहिले. गाड्या सुटल्या. प्रत्येक फेरीला गार्गीची गाडी समोरून जाई तेव्हा देवानंद डोळे मिटून फक्त आवाज ऐके. चौथ्या फेरीला सरांनी त्याचं मनगट धरलं.

"आवाज बरोबर आहे ना?"

"बरोबर हाय, सर."

तरी त्यांनी मनगट सोडलं नाही. शेवटच्या वळणावर गार्गीने वेग जरा जास्तच कमी केला आणि अर्जुनरावाचा पुतण्या आतून पुढे निघाला. ती चौथी आली. हेल्मेट काढून ती आधी इंजिनाजवळ वाकली, कव्हरला कान लावून ऐकलं आणि मग वडिलांकडे आली. काय बोलली ते देवानंदला ऐकू आलं नाही. सर तिच्या हाताकडे, कोपराकडे, गुडघ्याकडे बघत होते.

देवानंद त्या गर्दीतून अर्जुनरावाकडे गेला आणि चुकलो म्हणाला. चार माणसांसमोर बोललो होतो, म्हणून चार माणसांसमोरच आलो, असंही म्हणाला. अर्जुनरावाने पुतण्याच्या गाडीचा नट आवळणं थांबवलं नाही. माफ केलं असं तो म्हणाला. पण कुणी टाकली होती, हे त्याने विचारलं आणि देवानंदने ते सांगितलं नाही, तेव्हा तो एवढंच म्हणाला की मग लोकांच्या लेखी ती रेती अजून माझीच आहे. पुढे तीन महिने अर्जुनराव त्याच्या गॅरेजची पायरी चढला नाही.

सोमवारी देवानंदने कव्हर उघडून चेन पाहिली. कड्या गुळगुळीत होत्या, ताण होता तसा. त्याने फोटो काढून गार्गीला पाठवला. संध्याकाळी ती बँकेतून येताना स्वतः बघून गेली. पुढच्या शर्यतीचं सामान पार्सलने येईल ते थेट माझ्या घरी येऊ दे, मी धुऊन, तेलात ठेवून, बसवायच्या दिवशी घेऊन येईन, असं तिने सांगितलं. घरी माझ्या खोलीला कुलूप आहे, असंही म्हणाली.

बरोबर हाय, असंच कर, देवानंद म्हणाला. आणि कव्हरचे नट आवळायला बसला.